नवागत विद्यार्थ्याचा निवास व शिधा

(१)

आपल्याकडील जुन्या विद्याव्यासंगाविषयीं लिहितांना एक विधान बहुतेक लेखक गृहीत धरून चालतात. पूर्वीं शिष्य गुरूच्या घरीं राहत असे. विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र घर बांधून तेथें त्यांच्या जेवणाखाण्याची तजवीज करण्याची चाल इंग्रजी कॉलेजांबरोबर आली, असें तें विधान होय. पुण्याचें डेक्कन कॉलेज इ. स. १८६८ मध्यें येरवड्याच्या दगडी इमारतींत गेलें. तेथें विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय होती. बाळ गंगाधर टिळक यांनीं इ. स. १८७३ मध्यें त्या कॉलेजांतील आपलें पहिलें वर्ष पुस्तकांपेक्षां तालमींतच अधिक घालविलें. या गोष्टी सर्वश्रुत असल्यामुळें वसतिगृहाचा आरंभ तेथूनच धरण्याकडे मनाचा कल होतो.

हें विधान अर्धेंच खरें आहे. शिष्य गुरुगृहीं राहत, हें निर्विवाद. परंतु त्याबरोबरच विद्यार्थ्यांसाठीं वेगळीं घरें, मोजून दिलेलें धान्य, अंथरायास चटई व डोक्यास लावावयास तेल, असा नेमका बंदोबस्त दहाव्या व अकराव्या शतकांतील शिलालेखांत खोदलेला आहे. हे लेख प्रसिद्ध होऊन पुष्कळ वर्षें झालीं. पण त्यांचा उपयोग राजांच्या वंशावळी जुळविण्याकडे अधिक झाला. त्यांतील शिध्याचे आंकडे जेवढ्या लक्षपूर्वक वाचावयास हवे होते तेवढे वाचले गेले नाहींत.

प्रस्तुत लेखांत आम्ही एकच प्रश्न हातीं घेत आहों. परगांवाहून उच्च विद्येसाठीं आलेला तरुण आपल्या पहिल्या वर्षांत कोठें निजत असे, काय खात असे, आणि हें सर्व त्यास कोणत्या नात्यानें मिळत असे? यांतील शेवटचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकच भाकरी पाहुणा म्हणून खाणें, चाकर म्हणून खाणें, पैसे देऊन खाणें आणि हक्कानें खाणें, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि विद्यार्थ्याचें मन कोणत्या स्थितींत राहील, हें बहुतांशीं त्यावर अवलंबून असतें. तीसाहून अधिक वर्षें शाळेंत शिकविल्यानंतर आम्हांस हें निःशंकपणें सांगतां येतें, कीं खेड्यांतून नव्यानें आलेल्या मुलाचें जेवणाचें ठिकाण ठरेपर्यंत त्यास रूपावलि पाठ होत नाहीं; आणि तें ठरल्यावर पंधरा दिवसांत तोच मुलगा निराळा दिसूं लागतो.

(२)

प्रथम वैयाकरणांकडे वळूं. पाणिनीनें शिष्याला ‘अन्तेवासी’ म्हटलें आहे, म्हणजे जवळ राहणारा. एकाच गुरूपाशीं राहणाऱ्या सहाध्यायांसाठीं ‘सतीर्थ्य’ हा शब्द अष्टाध्यायींत साधलेला असून त्याच्या अर्थांतच ‘वास करणें’ ही क्रिया आहे. अर्थात् एके ठिकाणीं शिकणें म्हणजे एके ठिकाणीं राहणें, हें भाषेनेंच ठरवून टाकलें होतें.

परंतु याच शास्त्रांत निंदेसाठीं वापरलेले जे शब्द आले आहेत, त्यांतून नवागत विद्यार्थ्याचें खरें चित्र अधिक दिसतें. पतंजलीनें ‘तीर्थकाक’ या शब्दाचा अर्थ देतांना सांगितलें आहे, कीं तीर्थावर कावळे जसे फार वेळ टिकत नाहींत, तसा जो गुरुकुलांत जाऊन तेथें चिरकाल राहत नाहीं तो तीर्थकाक. पहिल्या कांहीं महिन्यांतच कंटाळून निघून जाणारे विद्यार्थी इतके परिचित होते, कीं त्यांच्यासाठीं स्वतंत्र शब्द चालूं होता.

त्याहून बोलके शब्द म्हणजे ‘ओदनपाणिनीय’, ‘घृतरौढीय’ व ‘कम्बलचारायणीय’. पहिला, भातासाठीं पाणिनीच्या संप्रदायांत शिरलेला. दुसरा, तुपासाठीं रौढींच्या शाखेंत गेलेला. तिसरा, कांबळें मिळतें म्हणून चारायणाचा शिष्य झालेला. हे शब्द क्षेपाचे, म्हणजे टोमण्याचे आहेत. तरी टोमणा खोट्या गोष्टीवर उभा राहत नाहीं. कोणत्या आचार्याकडे भात मिळतो, कोणाकडे तूप वाढतात, आणि कोणाकडे थंडींत कांबळें देतात, याची चौकशी नवा विद्यार्थी आधीं करीत असे, एवढें यावरून स्पष्ट होतें. वैयाकरणांस ही गोष्ट हसण्यासारखी वाटली; दानलेख देणाऱ्यांस ती विचार करण्यासारखी वाटली. पुढील सर्व विवेचनाचें बीज या भेदांत आहे.

धर्मशास्त्राचा आदर्श याहून कठोर होता. मनूनें उपनयनापासून समावर्तनापर्यंत अग्नीस समिधा, भिक्षा, भूमीवर शयन व गुरूचें हित, हीं ब्रह्मचाऱ्याचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. यांत अन्न आहे, पण तें दारोदार मागून आणावयाचें; शय्या आहे, पण ती जमिनीवर. व्यवहार मात्र या आदर्शाशीं सर्वकाळ एकरूप राहिला नाहीं.

(३)

तो व्यवहार प्रथम विस्तारानें दिसतो तो पाली जातकांत. जातककथा म्हणजे इतिहास नव्हे. पण कथाकार ज्या गोष्टी सहज गृहीत धरून जातो त्या बहुधा नित्य परिचयाच्या असतात. तिलमुट्ठि जातकांत काशीच्या राजाचा सोळा वर्षांचा पुत्र ब्रह्मदत्त तक्षशिलेस निघतो. बाप राजा असूनही त्याला एकपदरी तळव्याच्या वहाणा, पानांची छत्री व एक हजार कार्षापण एवढेंच देतो. तेथें पोहोंचल्यावर आचार्य त्याची विचारपूस करून पहिला व्यावहारिक प्रश्न विचारतात तो असा : गुरुभाग आणला आहेस, कीं सेवा करून शिकणार आहेस? राजपुत्र थैली पुढें ठेवतो.

या एका प्रश्नांत तक्षशिलेच्या निवासाची सर्व घडण आली आहे. पालींत या दोन वर्गांस ‘आचरियभागदायक’ व ‘धम्मन्तेवासिक’ अशीं नांवें आहेत. धम्मन्तेवासिक दिवसा आचार्यांचें काम करी व रात्रीं शिके. भागदायकास ज्येष्ठ पुत्राप्रमाणें वागवून शिकवीत. म्हणजे एकाच छपराखालीं दोन नात्यांनीं राहणारे विद्यार्थी होते. त्या राजपुत्राची पुढील हकीकतही मार्मिक आहे. नदीवर स्नानास जातां येतां एका म्हाताऱ्या बाईनें वाळत घातलेल्या तिळांतून तो मूठ मूठ तीळ घेऊन खातो. दोन दिवस ती कांहीं बोलत नाहीं. तिसऱ्या दिवशीं ती आक्रोश करते, आणि आचार्य दोघां विद्यार्थ्यांकडून त्याचे हात धरवून त्यास वेळूच्या छडीनें मारतात. थैली भरलेली असली तरी गुरुगृहांत शिस्त एकच होती. आणि घरापासून दूर आलेल्या राजपुत्रास आपण तेथें राजपुत्र नाहीं, हें मूठभर तिळांनीं कळलें.

वरण जातकांत सरपणाची कथा आहे. पांचशें विद्यार्थी रानांत लांकडें आणावयास जातात. एक आळशी झाडाखालीं निजतो, मग घाईनें ओल्या फांद्या मोडून आणतो व त्या मोळीवर टाकतो. दुसऱ्या दिवशीं पहाटे विद्यार्थ्यांस परगांवीं आमंत्रणास जावयाचें असतें. दासी पेज शिजवावयास बसते, पण ओलें लांकूड पेटत नाहीं. पेज होईपर्यंत ऊन वर येतें व आमंत्रण चुकतें. यांतील बोधापेक्षां तपशील आमच्या कामाचा आहे. सरपण विद्यार्थ्यांनीं आणावयाचें, पेज दासीनें करावयाची, आणि आमंत्रण आल्यास सर्वांनीं मिळून जावयाचें, अशी ती घरगुती व्यवस्था होती.

याच संग्रहांतील जुण्ह जातकांत एक राजपुत्र रात्रीं आचार्यांच्या घरून निघून अंधारांत आपल्या निवासस्थानीं जात असतां वाटेंत एका ब्राह्मणास धडकतो व त्याचें भिक्षापात्र फुटतें. आचार्यांच्या घराहून वेगळें राहणारे विद्यार्थी तक्षशिलेंतही होते, हें येथें अनायासें सिद्ध होतें. मात्र असें वेगळें राहणें ज्याच्यापाशीं स्वतःचा पैसा आहे त्यासच शक्य होतें. निर्धन विद्यार्थ्यास गुरूचें घर व गुरूचें काम यांवांचून मार्ग नव्हता.

(४)

तक्षशिलेंतील घर आचार्याचें होतें. नालंदेंतील घर संघाचें होतें. चिनी यात्रिक इत्सिंग इ. स. ६७१ मध्यें स्वदेशाहून निघाला व नालंदेंत सुमारें दहा वर्षें राहिला. आठ शाला व तीनशें खोल्या असून राहणाऱ्यांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे, असें तो सांगतो. सकाळीं घंटा झाली म्हणजे भिक्षु स्नानाचें वस्त्र घेऊन शेंकड्यांनीं तळ्यांकडे जात, हेंही त्यानेंच लिहून ठेवलें आहे. नालंदेचें उत्खनन झाल्यावर मोकळ्या चौकाभोंवतीं खोल्यांच्या रांगा, चौकांत विहीर, भिंतींत कोनाडे, अशी रचना उघड झाली. त्या योगें त्याच्या वर्णनास विटांची साक्ष मिळाली.

त्याच्या ग्रंथांतील दोन गोष्टी आमच्या प्रश्नास थेट लागू पडतात. पहिली खोल्यांच्या वांटणीची. वर्षावासापूर्वीं दर वर्षीं संघ सभा भरवून खोल्या नव्यानें नेमून देई. उत्तम खोली वृद्धास, मग क्रमाक्रमानें खालपर्यंत. यामुळें खोलीविषयीं ‘माझी’ ही भावना राहत नाहीं व खोल्यांची निगाही नीट होते, असे दोन लाभ इत्सिंगनें सांगितले आहेत. नव्यानें आलेल्यास अर्थातच शेवटची खोली मिळे. पण पुढील वर्षीं वांटणी पुनः होणार, हेंही त्यास ठाऊक असे. शेवटची खोली ही शिक्षा नव्हती. ती क्रमांतील पहिली पायरी होती.

दुसरी गोष्ट अन्नाची. विहारांत भिक्षूंखेरीज दोन प्रकारचे विद्यार्थी असत. प्रव्रज्येच्या हेतूनें बौद्ध ग्रंथ शिकणारे ते ‘माणव’; आणि संसार सोडण्याचा विचार नसतां केवळ लौकिक विद्येसाठीं राहणारे ते ‘ब्रह्मचारी’. या दोघांनींही आपला खर्च आपण सोसावयाचा होता. संघाच्या कायम मिळकतींतून त्यांस जेवूं घालणें नियमाविरुद्ध मानलें जाई. मात्र त्यांनीं संघाचें कांहीं काम केलें असेल, तर त्या कामाच्या मानानें त्यांस अन्न देतां येई. आणि एखाद्या दात्यानें विद्यार्थ्यांसाठीं म्हणून अन्न दिलें असेल, तर तें देण्यास हरकत नव्हती.

हा नियम बारकाईनें पाहण्यासारखा आहे. नालंदेस गांवांचें उत्पन्न लावलेलें होतें. इत्सिंग दोनशेंहून अधिक गांवें सांगतो. इतकी संपत्ति असूनही जो विद्यार्थी भिक्षु नाहीं त्याचा त्या उत्पन्नावर हक्क नव्हता. तक्षशिलेंतील तोच प्रश्न येथें दुसऱ्या रूपानें उभा राहतो : पैसा आणला आहेस, कीं काम करणार आहेस? फरक एवढाच, कीं ‘विद्यार्थ्यांसाठीं म्हणून दिलेलें दान’ ही तिसरी वाट येथें मोकळी ठेवलेली आहे. पुढें ब्राह्मणी शालांत हीच तिसरी वाट राजमार्ग झाली.

(५)

त्या राजमार्गाचा एक उत्कृष्ट पुरावा महाराष्ट्राच्या शेजारीं आहे. साळोटगी हें गांव पूर्वींच्या मुंबई इलाख्यांतील, सध्यांच्या कर्नाटक राज्यांतील विजापूर जिल्ह्यांत इंडी तालुक्यांत आहे. तेथील शिलास्तंभावरील संस्कृत लेख कीलहॉर्न यांनीं संपादून एपिग्राफिया इंडिकांत प्रसिद्ध केला. लेखाचा शक ८६७, म्हणजे इ. स. ९४५, राज्य राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचें. गांवाचें जुनें नांव पाविट्टगे. हल्लींच्या नांवाच्या आरंभीं जो ‘साळ’ आहे तो याच शालेचा अवशेष होय, असें मानतात. शाला गेली, स्तंभ राहिला, आणि गांवानें विद्यार्थ्यांच्या घराची आठवण नांवांत जपली, असा हा दुर्मिळ योग आहे.

कृष्णराजाचा मंत्री नारायण यानें तेथें त्रयीपुरुषाचें, म्हणजे ब्रह्मा, विष्णु व महेश यांचें, देवालय बांधून त्यास शाला जोडली. तेथें निरनिराळ्या जनपदांतून विद्यार्थी येत, असें लेख सांगतो. शालेस मिळालेल्या दानाची यादी अशी : ५०० निवर्तनें जमीन, २७ निवेशनें म्हणजे राहतीं घरें, ४ निवर्तनें फुलबाग व १२ निवर्तनें दिव्यांसाठीं, आणि अध्यापकासाठीं वेगळीं ५० निवर्तनें व एक घर.

या यादीचा अर्थ लावतांना आम्हांस एक गोष्ट सुचवावयाची आहे. अध्यापकाचें घर वेगळें सांगितलें आहे. तेव्हां २७ निवेशनें त्याचीं नव्हेत, हें उघड आहे. तीं परगांवच्या विद्यार्थ्यांच्या वसतीसाठीं होतीं, हाच अर्थ सरळ आहे. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं प्राचीन भारतीय शिक्षणपद्धतीवरील आपल्या ग्रंथांत हाच अर्थ घेतला असून दिव्यांची जमीनही विद्यार्थ्यांच्या सोयींत धरली आहे. दिवा देवाचाही असूं शकेल, अशी शंका कोणी घेतल्यास ती अयोग्य म्हणतां येणार नाहीं. पण देवाच्या फुलबागेस जेथें ४ निवर्तनें पुरलीं, तेथें दिव्यांस तिप्पट जमीन लागावी, यावरून तो प्रकाश एकट्या गाभाऱ्यांत मावणारा नव्हता, असें आम्हांस वाटतें. दिव्यांची जमीन अध्यापकाच्या जमिनीच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाइतकी आहे. ज्यानें हें दान लिहविलें त्यास रात्रीच्या अभ्यासाची किंमत ठाऊक होती.

लेखांतील दुसरी तजवीज याहूनही लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गांवांत लग्न झालें तर शालेस ५ पुष्पें, म्हणजे त्या नांवाचीं नाणीं, द्यावयाचीं. मुंजीस त्याच्या निम्मीं. आणि चौलास त्याच्याही निम्मीं. ब्राह्मणभोजन असेल तेव्हां शालेंतील विद्यार्थ्यांस यथाशक्ति जेवूं घालावयाचें. म्हणजे जमिनीच्या धान्याखेरीज गांवांतील प्रत्येक मंगलकार्यांत या परक्या मुलांचा वांटा ठरलेला होता. ज्या मुलाची स्वतःची मुंज दूरच्या गांवीं झाली, त्यास या गांवच्या मुंजींत हक्काची पंगत मिळे. गांवानें त्यांस भिक्षा घातली नाहीं. स्वतःवर कर बसवून घेतला. भिक्षा आणि कर यांत अंतर आहे. भिक्षा मागावी लागते. कर ठरलेला असतो, व तो ज्याच्यासाठीं वसूल होतो त्यास कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं.

(६)

साळोटगीच्या लेखांत जमीन व घरें आहेत. माणशीं शिधा नाहीं. तो पाहण्यासाठीं तमिळ देशांत गेलें पाहिजे, कारण चोळांच्या काळच्या लेखांत हिशेबाचा जो काटेकोरपणा आढळतो तो त्या काळीं अन्यत्र क्वचितच दिसतो.

सध्यांच्या विळुप्पुरम् जिल्ह्यांतील एण्णायिरम् येथें पहिल्या राजेंद्र चोळाच्या काळचा, इ. स. १०२५ च्या सुमाराचा लेख आहे. तेथील शालेंत ३४० विद्यार्थी व १४ अध्यापक होते, आणि तिच्या खर्चासाठीं ४५ वेली जमीन लावलेली होती. विद्यार्थ्यांचे दोन वर्ग पाडलेले आहेत. कनिष्ठ वर्गांत २७० जण : ऋग्वेदाचे ७५, यजुर्वेदाचे ७५, वाजसनेयी २०, छंदोग साम २०, तलवकार साम २०, अथर्ववेद १०, बौधायन गृह्य व कल्प इत्यादि १०, आणि ‘रूपावतार’ या नांवाचें प्राथमिक व्याकरण शिकणारे ४०. वरिष्ठ वर्गांत ७० जण : व्याकरण २५, प्राभाकर मीमांसा ३५ व वेदांत १०.

शिधाही वर्गाप्रमाणें होता. कनिष्ठास रोज ६ नाळी भात, म्हणजे न कांडलेलें धान; वरिष्ठास १ कुरुणि व २ नाळी. कुरुणि आठ नाळींची असल्यामुळें वरिष्ठाचा शिधा १० नाळींचा होतो. या आंकड्यांची आम्हीं बेरीज करून पाहिली. २७० कनिष्ठांस रोज १६२० नाळी व ७० वरिष्ठांस ७०० नाळी, एकूण २३२० नाळी. ९६ नाळींचा एक कलम व ३६० दिवसांचें वर्ष धरल्यास वर्षाचे बरोबर ८७०० कलम होतात. वर एक नाळीही उरत नाहीं. हा हिशेब डोळ्यांपुढें ठेवला, म्हणजे शालेचा खरा भार कोणावर पडत होता तें कळतें. मीमांसा व वेदांत हीं शालेचीं भूषणें. पण रोजच्या २३२० नाळींपैकीं १६२०, म्हणजे शंभरांतील जवळजवळ ७०, नवशिक्या मुलांच्या मुखीं जात. दात्यानें प्रौढ पंडितांची शाला म्हणून जी शाला स्थापिली तिचें कोठार वस्तुतः कनिष्ठांसाठीं चालत होतें.

कनिष्ठास सहा व वरिष्ठास दहा, हा भेद कोणास खटकेल. पण यांत दोन गोष्टी आहेत. कनिष्ठ हे बहुधा वयानें लहान; आणि सहा नाळींचा शिधा मिळविण्यासाठीं त्यांनीं काम करावें किंवा पैसा आणावा, अशी अट या वांटणींत नाहीं. तक्षशिलेच्या आचार्यांनीं विचारलेला प्रश्न येथें कोणी विचारीत नाहीं. मुलगा शालेंत दाखल झाला, कीं त्याच्या नांवाच्या सहा नाळी कोठारांतून निघत.

तिसरा लेख तिरुमुक्कूडल येथील, वीरराजेंद्र चोळाच्या कारकीर्दींतील, इ. स. १०६८ च्या सुमाराचा. पालार नदीच्या संगमावरील विष्णुमंदिरांत ही शाला होती. ती एण्णायिरम् येथील शालेच्या मानानें लहान. निवासी ६० च. पण येथें घरगुती तपशील अधिक आहे. विद्यार्थ्यांस जेवण आहे, अंथरायास चटया आहेत, रात्रीं दिव्यास तेल आहे, आणि शनिवारच्या अभ्यंगासाठींही तेल आहे. साळोटगीच्या दिव्यांविषयीं वर जो तर्क केला त्यास या दिव्याच्या तेलानें बळ येतें. शेजारींच ‘वीरशोळन्’ नांवाची १५ खाटांची आरोग्यशाला असून तींत वैद्य, शस्त्रक्रिया करणारा, वनस्पति आणून औषधें करणारे दोघे व शुश्रूषेस स्त्रिया नेमलेल्या होत्या.

शनिवारचें तेल ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. घरीं आई किंवा आजी मुलास बसवून डोक्यावर तेल घालते. तें दानपत्रांत कोणी लिहीत नाहीं. परगांवच्या मुलास तें कोण घालणार, हा विचार ज्याच्या मनांत आला त्यानेंच तेलाचें माप ठरविलें. मनूची भूमिशय्या येथें चटईवर आली, आणि घरांतली माया मापांत बसून दगडावर आली. आमच्या मतें या तीन लेखांतील सर्वांत मौल्यवान् नोंद हीच होय.

(७)

प्रत्यक्ष मराठी भूमींतही हा प्रवाह पोहोंचला होता. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. शके ११२८ च्या या लेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या सिद्धांतशिरोमणि इत्यादि ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें, व निकुंभवंशीय सोइदेव आणि हेमाडिदेव यांनीं त्यास दान दिल्याचें नमूद आहे. लेखाचा कांहीं भाग जुन्या मराठींत असल्यामुळें भाषाभ्यासकांस तो परिचित आहेच. मठ म्हणजे राहण्याचें ठिकाण. ज्योतिषाचा ग्रंथ चालावयाचा तर तो शिकणाऱ्यांस आधीं राहतें घर हवें, हें चांगदेवानें ओळखलें होतें.

पुढील शतकांत अशीं दानें विस्कळित झालीं, आणि विद्यार्थी पुनः दारोदारच्या अन्नावर आला. पुण्यांत व इतर विद्यास्थानीं माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणारा विद्यार्थी विसाव्या शतकांतही दिसत असे. सात दिवस सात घरें. सोमवारची माउली प्रेमळ, तर गुरुवारचें घर अबोल. या पद्धतीनें कित्येकांचें शिक्षण झालें, म्हणून तिची निंदा करण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्यांत व साळोटगीच्या व्यवस्थेंत जो भेद आहे तो झांकूं नये. वार हें उपकाराचें अन्न होतें. शालेचा शिधा हा लिहून दिलेला अधिकार होता.

तथापि त्या अधिकाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. अग्रहारांतील या शाला वेदाध्यायी ब्राह्मणांसाठीं होत्या. निरनिराळ्या जनपदांतील मुलांस त्यांचें दार उघडें होतें. निरनिराळ्या जातींतील मुलांस तें उघडें नव्हतें. ही उणीव भरून काढण्याचें काम कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं हातीं घेतलें. इ. स. १९०१ मध्यें मराठा विद्यार्थ्यांसाठीं, व पुढील कांहीं वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या व इतर समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं त्यांच्या आश्रयानें वसतिगृहें निघालीं. भाऊराव पाटील यांनीं इ. स. १९२४ मध्यें साताऱ्यास जें वसतिगृह काढलें, तेथें तर सर्व जातींचीं मुलें एकत्र राहूं जेवूं लागलीं. यांस इंग्रजी कॉलेजांचें अनुकरण म्हणून सोडून देणें बरोबर होणार नाहीं. गरीब मुलास विद्या द्यावयाची तर आधीं त्याचें छप्पर व शिधा पक्का करावा, हें तत्त्व या देशांत शके ८६७ मध्येंच दगडावर कोरलेलें होतें. नवीन होतें तें त्याचें क्षेत्र.

(८)

येथवर दिलेल्या प्रमाणांवरून निघणारा निष्कर्ष थोडक्यांत असा. नवागत विद्यार्थ्याच्या निवासाच्या आपल्याकडे तीन तऱ्हा होत्या. गुरुगृहीं तो थैली देऊन पुत्र होई किंवा काम करून शिष्य होई. विहारांत तो स्वखर्चानें, सेवेनें किंवा दात्याच्या इच्छेनें राही. आणि शालेंत त्याच्या नांवें जमीन, घर, दिवा व धान्य लावून दिलेलें असे. तिसरी तऱ्हा पहिल्या दोहोंची जागा पूर्णपणें घेऊं शकली नाहीं; तिन्ही शेजारीं शेजारीं चालल्या. पण ‘विद्यार्थ्यांचें घर’ ही कल्पना परदेशांतून आली, हें म्हणणें मात्र यापुढें सोडून दिलें पाहिजे.

आतां संग्राहक बंधूंस एक विनंति. दप्तरें चाळतांना आपण सर्वच पोथी, सनद व वंशावळ बाजूस काढतों, आणि कोठीचे ताळेबंद, तेलाच्या उचलीचे कागद, पंगतींच्या याद्या व शिध्याच्या चिठ्ठ्या ‘किरकोळ’ म्हणून गठ्ठ्यांत परत बांधतों. पुष्कळदां त्या वाण्याच्या दुकानींही जातात. मठ, देवस्थानें व वेदशाला यांच्या दप्तरांत असे कागद राहिलेले असण्याचा फार संभव आहे. पोथी सांगते विद्यार्थी काय शिकला. चिठ्ठी सांगते तो शिकण्यास टिकला कसा. ज्यांच्यापाशीं असे कागद असतील त्यांनीं त्यांतील माप, महिना व माणसांची संख्या एवढें तरी उतरून मंडळाकडे पाठवावें. एण्णायिरम् येथील सहा नाळींप्रमाणें मराठी देशांतील एखाद्या मठाचा माणशीं शिधा ज्या दिवशीं निश्चित होईल, त्या दिवशीं आपल्या विद्येच्या इतिहासांतील एक मोठा रिकामा कोठा भरून निघेल.